ऑथेल्लो नाटकातील मत्सर, कपट आणि स्त्री-पुरुष भूमिका

'ऑथेल्लो' ही इंग्लिश नाटककार विल्यम शेक्सपिअर याची पाच अंकी शोकांतिका आहे. तिचा पहिला नोंदलेला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनमध्ये राजा पहिला जेम्स याच्या दरबारात झाला. व्हेनिसच्या सेवेत असलेला मूर सेनापती ऑथेल्लो आपल्या हाताखालील इयागोच्या कपटाला बळी पडतो आणि निरपराध पत्नी डेस्डेमोना हिची हत्या करतो, असे तिचे कथासूत्र आहे. मत्सराने होणाऱ्या विनाशाचे नाटक म्हणून ही कृती प्रसिद्ध आहे. मात्र कोणाचा शब्द विश्वासार्ह मानला जातो आणि कोणाचा नाही, हा प्रश्नही नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. इयागोचे कपट यशस्वी होण्यामागे त्या समाजातील स्त्री-पुरुषविषयक समजुतींचा मोठा वाटा आहे.

मूळ कथा आणि शेक्सपिअरने केलेले बदल

नाटकाचे कथानक इटालियन लेखक जिराल्डी चिंथिओ याच्या १५६५ मधील कथासंग्रहातून घेतले आहे. मूळ कथेत निशाणबरदाराचे सेनापतीच्या पत्नीवर एकतर्फी प्रेम असते आणि ते विफल झाल्याने तो सूडाला प्रवृत्त होतो. तिचा हातरुमालही तोच चोरतो. त्याच्या पत्नीला कारस्थान ठाऊक असते, पण नवऱ्याच्या भीतीने ती गप्प राहते.

शेक्सपिअरने हे तपशील बदलले. नाटकात डेस्डेमोनाच्या हातून पडलेला रुमाल इयागोची पत्नी एमिलिया उचलते आणि त्याच्या मागणीनुसार त्याला देते. तिला त्याचा हेतू माहीत नसतो. अखेरीस सत्य उघड करण्याचे कामही तीच करते. या बदलामुळे एमिलियाचे मौन आणि त्या मौनाचा भंग या दोन्ही गोष्टींना कथानकात निर्णायक स्थान मिळाले.

इयागोची कार्यपद्धती

कॅसिओला लेफ्टनंटपद मिळाल्याने इयागो दुखावलेला आहे. ऑथेल्लोचा एमिलियाशी संबंध असावा, अशी अफवाही त्याने ऐकलेली असते. ती खरी आहे की नाही हे ठाऊक नसले तरी ती खरी धरूनच आपण वागू, असे तो पहिल्या अंकाच्या शेवटी सांगतो. पुराव्याशिवाय संशयाला निश्चितीचे रूप देण्याची जी प्रक्रिया तो पुढे ऑथेल्लोच्या मनात घडवतो, ती त्याने आधी स्वतःच्या मनात घडवलेली असते.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हा या कपटाचा गाभा होय. त्यात इयागो सुरुवातीला थेट आरोप करत नाही. तो अर्धवट बोलून थांबतो, ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत उच्चारतो आणि सांगायला नाखूश असल्याचे भासवतो. मत्सरापासून सावध राहण्याचा सल्लाही तोच देतो. त्यामुळे त्याचे बोलणे एका हितचिंतकाचे वाटते. प्रामाणिकपणाचे विशेषण नाटकात त्याला वारंवार लावले जाते, ही नाटकातील प्रमुख विसंगती आहे.

ऑथेल्लो परका आहे, याचाही इयागो उपयोग करून घेतो. व्हेनिसच्या स्त्रिया नवऱ्यापासून काय लपवतात हे आपल्याला माहीत आहे, असे तो सुचवतो. ऑथेल्लोला या समाजाच्या अंतर्गत चालीरीतींचा अनुभव नाही. शिवाय आपला वर्ण, वय आणि संभाषणातील अकुशलता यांविषयी त्याच्या मनात न्यूनगंड आहे. डेस्डेमोनाने वडिलांना फसवून विवाह केला, याची आठवण इयागो करून देतो. मुलीने बापाला फसवले, ती तुलाही फसवेल, असा इशारा तिचे वडील ब्रॅबान्शिओ यांनी पहिल्या अंकातच दिलेला असतो. ज्या धाडसामुळे डेस्डेमोनाने ऑथेल्लोला वरले, तेच आता तिच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा ठरते.

पुरावा आणि साक्ष

ऑथेल्लो इयागोकडे डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. प्रत्यक्षात त्याला मिळतात त्या कॅसिओने झोपेत उच्चारलेल्या कथित शब्दांची हकिकत आणि हरवलेला रुमाल या दोन गोष्टी. चौथ्या अंकात तो आडोशाला उभा राहून कॅसिओला हसताना पाहतो. कॅसिओ बियांका या स्त्रीविषयी बोलत असतो. ऑथेल्लोला मात्र शब्द ऐकू न येता केवळ हावभाव दिसतात, आणि त्यांचा अर्थ इयागोने आधीच ठरवून दिलेला असतो.

याउलट स्त्रियांची थेट साक्ष तो नाकारतो. डेस्डेमोना निर्दोष असल्याचे एमिलिया शपथेवर सांगते. तिला तो कुंटीण समजतो. डेस्डेमोनाचा नकार त्याला कांगावा वाटतो. रुमाल हरवलेला नाही, हे भीतीपोटी बोललेले तिचे एक असत्य तिच्या सर्व सत्यावर मात करते.

या दृष्टीने पहिला आणि पाचवा अंक यांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या अंकात ऑथेल्लोवर जादूटोण्याने मुलगी पळवल्याचा आरोप होतो. तेव्हा डेस्डेमोनाला सभेपुढे बोलावून विचारावे, अशी विनंती तो स्वतः करतो आणि तिच्या साक्षीने निर्दोष ठरतो. पाचव्या अंकात ती आरोपी असते. कॅसिओला बोलावून विचारा, असे ती विनवते. परंतु त्याचे तोंड कायमचे बंद झाले आहे, असे ऑथेल्लो समजून चालतो. जी सुनावणी त्याला मिळाली, ती तो पत्नीला देत नाही.

नाटकातील स्त्रिया

नाटकात तीन स्त्री-पात्रे असून तिघींच्याही शीलावर पुरुष पात्रे आक्षेप घेतात. डेस्डेमोना पहिल्या अंकात सभेपुढे ठामपणे बोलते आणि पतीबरोबर सायप्रसला जाण्याचा हक्क मागते. तेथील लष्करी तळावर मात्र तिला माहेरचा आधार नाही. लोडोव्हिकोसमोर ऑथेल्लो तिला मारतो, तेव्हा तो थक्क होऊन निषेध करतो, पण तिला त्यातून सोडवत नाही. मरतानाही ती हत्येचा दोष स्वतःवर घेते. काही समीक्षकांना यात क्षमाशीलता दिसते, तर काहींना आज्ञाधारक पत्नीच्या आदर्शाची शोकात्म परिणती.

चौथ्या अंकाच्या अखेरीस एमिलिया पत्नींच्या स्खलनाचा दोष पतींवर ठेवते आणि स्त्रियांनाही पुरुषांसारख्याच वासना व भावना असतात, असे सांगते. शेवटच्या प्रवेशात इयागो तिला गप्प राहून घरी जाण्याची आज्ञा करतो. ती आज्ञा मोडून ती रुमालाचे सत्य सांगते आणि त्यासाठी पतीच्या हातून मारली जाते. यानंतर इयागो एक शब्दही न बोलण्याचा निश्चय करतो. बियांकालाही रुमाल पाहून मत्सर वाटतो. मात्र तिचा राग भांडणापुरता राहतो. मत्सर दोघांनाही होतो, पण त्याला शिक्षेचे रूप देण्याची सत्ता पुरुषाकडे असते, हे या तुलनेतून दिसते.

समीक्षा

थॉमस रायमर याने १६९३ मध्ये एका रुमालावर शोकांतिका उभारल्याबद्दल नाटकाची थट्टा केली. कोलरिजच्या मते इयागोच्या दुष्टपणामागे खरा हेतू नसून तो हेतू शोधत राहतो. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये ऑथेल्लो हा स्वभावतः मत्सरी नसलेला उदात्त नायक असल्याचे प्रतिपादन केले. एफ. आर. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये त्याला विरोध करून ऑथेल्लोच्या आत्मगौरवी वृत्तीवर बोट ठेवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्त्रीवादी समीक्षेने लक्ष दोन पुरुषांवरून हलवून विवाहसंस्था, स्त्रीच्या शीलाशी जोडलेली पुरुषाची प्रतिष्ठा आणि एमिलियाची भूमिका यांकडे वळवले.

मराठी रंगभूमीवर

महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी केलेले या नाटकाचे मराठी भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'झुंजारराव' (१८९०) हे त्याचे गाजलेले रूपांतर होय. वि. वा. शिरवाडकर यांनीही हे नाटक मराठीत आणले. देवलांनी पुढे 'संशयकल्लोळ' या नाटकात दांपत्यातील संशय हाच विषय विनोदी अंगाने हाताळला. आर्थर मर्फीच्या इंग्लिश सुखात्मिकेवर आधारलेल्या या नाटकात रुमालाऐवजी तसबिरीमुळे घोटाळा होतो. तेथे पती-पत्नी दोघेही एकमेकांवर संशय घेतात आणि खुलासा होण्यास अवसर मिळतो. 'ऑथेल्लो'त खुलासा होतो तो डेस्डेमोनाच्या मृत्यूनंतर.