दोन गुणांची किंमत

क्रिकेटमधल्या शतकांचे आणि सरासरीचे आकडे आपल्या घरांतील दहा वर्षांच्या मुलालाही तोंडपाठ असतात. पण इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर आणि लँकशर परगण्यांत खेळाच्या गप्पा निघाल्या, की एक वेगळाच आकडा ओघाने येतो. तो म्हणजे ६,२२०!

नील फॉक्स नावाच्या खेळाडूने १९५६ ते १९७९ या काळात ८२८ सामने खेळून एवढे गुण मिळविले. व्यावसायिक रग्बी लीगच्या इतिहासात याहून अधिक गुण आजवर कोणीही केलेले नाहीत. मौज अशी, की याच नीलच्या थोरल्या भावाला लोक ओळखतात ते त्याच्या हातून निसटलेल्या अवघ्या दोन गुणांसाठी. एकाच घरातल्या या दोन भावांची हकिकत खेळाची गोडी नसलेल्या वाचकांनाही चटका लावील.

बुडालेल्या मजुरीचा खेळ

लांबट चेंडू हातांत धरून धावण्याचा रग्बीचा खेळ आधी इंग्लंडमधल्या सुखवस्तू मुलांच्या शाळांत वाढला. उत्तरेकडे खाणींत आणि गिरण्यांत राबणारे तरुण तो खेळू लागले, तेव्हा पंचाईत उभी राहिली. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडायची! ती क्लबांनी भरून द्यावी, एवढेच मागणे होते. पण पैसे घेऊन खेळणे खेळाच्या चालकांना कमीपणाचे वाटे. त्यांनी साफ नकार दिला. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. १९०६ साली संघातले खेळाडूही पंधराचे तेरा झाले.

गुणांचा हिशेब सोपा आहे. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला, की ‘ट्राय’ झाला. त्याचे पूर्वी ३ गुण मिळत. १९८३ पासून ४ मिळतात. मग जेथे चेंडू टेकवला, त्याच्या सरळ रेषेत मागे यायचे, चेंडू जमिनीवर उभा करायचा आणि दोन उंच खांबांमधून, आडव्या दांडीवरून तो किकने पार करायचा. त्याचे आणखी २ गुण. प्रतिपक्षाने नियम मोडला, तर मिळणाऱ्या पेनल्टी किकचेही २. म्हणूनच गुणांच्या यादीत वरच्या जागा बहुधा वाऱ्यासारखे धावणाऱ्यांना मिळत नाहीत; त्या मिळतात शांत डोक्याने किक मारणाऱ्यांना.

सुलिव्हन आणि रिसमन

नीलच्या आधीचा सम्राट होता जिम सुलिव्हन. वेल्समधल्या कार्डिफचा हा मुलगा १९२१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, लँकशरच्या विगन क्लबाकडे पैसे घेऊन खेळायला गेला. त्या दिवसापासून जुन्या रग्बीची दारे त्याला बंद झाली. त्याचे त्याने सोने केले! १९४६ पर्यंतच्या कारकिर्दीत २,८६७ गोल आणि ९६ ट्राय, मिळून ६,०२२ गुण. १९२५ साली एका दुबळ्या संघाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात २२ गोल मारले. १९२९ साली चॅलेंज कपचा अंतिम सामना प्रथमच लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला, तेव्हा विगनचा कर्णधार तोच होता आणि त्या मैदानावरचे पहिले गुणही त्यानेच केले.

कार्डिफचाच दुसरा सुपुत्र गस रिसमन. त्याच्या नावावर ४,०५० गुण आहेत. १९५२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने वर्किंग्टन टाऊन संघाला चॅलेंज कप जिंकून दिला. वाचकांनी हे रिसमन नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

शार्ल्स्टनचे फॉक्स बंधू

वेकफील्डजवळचे शार्ल्स्टन हे कोळशाच्या खाणीचे गाव. तेथल्या फॉक्स कुटुंबात पीटर, डॉन आणि नील असे तीन भाऊ. तिघेही व्यावसायिक खेळाडू. पीटर पुढे प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आला. धाकटा नील सोळाव्या वर्षीच वेकफील्ड ट्रिनिटीच्या संघात उतरला. अंगाने धिप्पाड, किक डाव्या पायाची. १९६० च्या अंतिम सामन्यात त्याने हल संघाविरुद्ध एकट्याने २० गुण केले. १९६२ साली हडर्सफील्डविरुद्ध चालत्या खेळात चेंडू टाकून, तो उसळताक्षणी मारलेले तीन गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा ‘लान्स टॉड’ करंडक मिळविला. त्याच्या ३५८ ट्रायचे गुण होतात १,०७४. उरलेले ५,१४६ किकचे!

आजच्या खेळाडूंना हा आकडा गाठता येत नाही, त्याचे मुख्य कारण सामन्यांची संख्या. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने तेथील मुख्य स्पर्धेत २०२० पर्यंत ४३० सामने खेळून २,७८६ गुण केले. त्याच्या आधी तेथला विक्रम हाझेम एल मसरी याचा होता. लेबनॉनमधून लहानपणी आलेल्या या मुलाने २,४१८ गुण केले होते. दोघेही थोर, पण नीलच्या अर्ध्यावरही पोचले नाहीत.

तो ओला शनिवार

आता डॉनची गोष्ट. तोही काही सामान्य खेळाडू नव्हता. फेदरस्टोन रोव्हर्सतर्फे त्याने १६२ ट्राय केले होते. पुढे तो नीलच्याच संघात आला. ११ मे १९६८ रोजी वेम्बलीवर वेकफील्ड आणि लीड्स यांचा अंतिम सामना होता. पाऊस असा कोसळला, की मैदानाचे तळे झाले. दुखापतीमुळे नील खेळू शकला नाही, म्हणून किकची जबाबदारी डॉनवर आली. लीड्सतर्फे चार गोल मारले बेव्ह रिसमनने. हा गस रिसमनचा मुलगा!

शेवटच्या मिनिटाला लीड्स ११, वेकफील्ड ७. इतक्यात वेकफील्डच्या केन हर्स्टने चिखलातून चेंडू पुढे मारत नेऊन खांबांजवळच ट्राय केला. ११–१०! आता डॉनची किक, तीही खांबांच्या अगदी समोरून. गेली की करंडक वेकफील्डचा. डॉन धावत आला, पाय घसरल्यासारखा झाला आणि चेंडू उजवीकडून बाहेर गेला. डॉन चिखलात गुडघ्यांवर बसला. त्या सामन्याचा लान्स टॉड करंडक त्यालाच जाहीर झाला होता. कारण मते आधीच पडली होती.

डॉन २००८ साली वारला. त्याने केलेल्या शेकडो गोलांपेक्षा जगाने ती एक हुकलेली किकच अधिक जपून ठेवली. विक्रमांच्या वहीत हुकलेल्या किकसाठी रकाना नसतो. नीलच्याही कितीतरी किक हुकल्या असतील. पण त्या दिवशी त्या तळ्यात उभे राहण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. दिवाळीत घरोघरी भावंडे एकत्र जमतील, कोणाचे किती गुण याचे हिशेब निघतील, तेव्हा शार्ल्स्टनच्या या दोघा भावांची आठवण अवश्य व्हावी.