कॉफी मशीनचा दाब आणि दुरुस्तीचा धंदा

न्हावा शेवा : उरण-पनवेल पट्ट्यातील तरुणांना बंदर म्हटले की ट्रेलर, क्लिअरिंग आणि कंटेनर यार्डातील नोकरी एवढेच आठवते. १९८९ मध्ये सुरू झालेले हे बंदर आज देशातील आघाडीच्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. येथे उतरणाऱ्या मालात घरगुती विद्युत उपकरणेही असतात. उपकरण आले की मागोमाग दुरुस्ती आलीच. घरगुती एस्प्रेसो मशीन हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

कॉफी आपल्याला परकी नाही. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या इबादतीत जाग राहावी म्हणून ती पीत. बाबा बुढन यांनी हजहून परतताना सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. लग्नाच्या हॉलमध्ये 'एस्प्रेसो' म्हणून मिळते ती मात्र दुधात वाफ सोडून फेसाळलेली कॉफी. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या गच्च थरातून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेला अर्क.

नऊ बारचे गणित

घरच्या प्रेशर कुकरमध्ये साधारण एक बार जादा दाब असतो, मोटारीच्या टायरमध्ये दोनच्या आसपास. एस्प्रेसोला सुमारे नऊ बार लागतो. मशीनच्या खोक्यावर मात्र '१५ बार' असे मोठ्या अक्षरात छापलेले असते. तो आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा आहे, चांगल्या कॉफीचा नव्हे. दाब फार झाला तर पाणी थरात फट पाडून तेथूनच धावते. मग काही कॉफी कोरडी राहते, काही जास्त उतरते आणि कप कडू-आंबट लागतो.

बऱ्याच मशीनमध्ये पंपाच्या पुढे स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला ओपीव्ही म्हणतात. ठरलेल्या दाबापेक्षा जास्त झालेले पाणी तो टाकीत परत पाठवतो. स्प्रिंग आवळली की दाब चढतो, सैल केली की उतरतो. कॉफीच्या दांड्याला गेज बसवून पंप काही सेकंद चालवावा, आकडा पाहावा, मशीन बंद करून स्क्रू पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. काही मशीनमध्ये स्क्रू नसतो, स्प्रिंगच बदलावी लागते. काहींत तर हा व्हॉल्व्हच नसतो.

आधी कॉफी तपासा

गिऱ्हाईक चवीची तक्रार घेऊन आला की लगेच मशीन उघडू नये. १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम अर्क निघतो का, हे काट्यावर पाहावे. पुष्कळदा दोष दळणात असतो किंवा पाण्याच्या क्षारात. दुहेरी तळाच्या जाळीत फेस बारीक छिद्रामुळे येतो. तेथे दाब बदलून फारसा फरक पडत नाही.

आखातातून आणलेल्या मशीनची प्लेट वाचावी. अमिराती आणि कुवेतची वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झची, सौदीची ६० हर्ट्झची. ६० हर्ट्झचा पंप येथे कमी ठोके देतो आणि त्याची कॉइल जास्त तापते. साधा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नव्हे. अशा वेळी पंपच बदलावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओपीव्ही वेगळा आणि बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा. सेफ्टी व्हॉल्व्हला कधीही हात लावू नये. तो बिघडला तर वाफेने माणूस भाजतो. प्लग काढून, मशीन थंड झाल्यावरच झाकण उघडावे आणि काम संपल्यावर अर्थिंग तपासावे. वॉरंटी बाद होण्याची शक्यता गिऱ्हाइकाला आधीच सांगावी.

या धंद्याला भांडवल थोडे लागते : गेज, काटा, मीटर आणि हातात हुनर. व्यापारासाठी सुटे भाग स्वतः मागवायचे झाल्यास आयात-निर्यात कोड काढावा लागतो. पण खरे भांडवल सचोटीचे आहे. स्क्रूचा पाव फेरा फिरवून नव्या पंपाचे पैसे घेणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. बिघाड नसेल तर 'नाही' म्हणणाऱ्याच्या रोजीत बरकत असते. बंदराच्या दारात राहणाऱ्या आपल्या तरुणांनी केवळ माल वाहून नेण्यावर समाधान न मानता तो दुरुस्त करायलाही शिकावे.