कपाटातल्या कॅसेटी, भाग ६ : पहिला पीस अक्षतांचा

मागच्या भागात कॅसेट संगणकात उतरवून झाली. आता हार्ड डिस्कवर एक भलीमोठी फाइल पडून आहे आणि तिची डीव्हीडी करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न आहे. बहुतेक जण इथे वैशिष्ट्यांची यादी वाचत बसतात. मेन्यूचे नमुने किती, पानं उलटल्यासारखे इफेक्ट किती, एका क्लिकमध्ये काम होतं का. या यादीवरून काहीही कळत नाही.

भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या शॉपमध्ये मशीनचं माहितीपत्रक वाचून कुणी लॉट सोडत नाही. सीएनसीवर नवा जॉब लागला की सेटर पहिला पीस काढतो, क्वालिटीवाला तो मापतो, त्याची सही होते आणि मगच उत्पादन सुरू होतं. या पट्ट्यात ज्यांची हयात टेल्को, बजाज किंवा त्यांच्या व्हेंडरकडे गेली, त्यांना हे सांगायची गरज नाही. सॉफ्टवेअरही असंच तपासायचं. तीन तासांची अख्खी कॅसेट त्यात ओतायची नाही. पाच मिनिटांचा तुकडा कापायचा, त्याची डिस्क काढायची आणि ती घरातल्या प्लेयरवर लावायची.

आधी एका शंकेचं उत्तर. पेन ड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कशाला, असं घरातली तरुण मंडळी विचारतात. गावाकडच्या टीव्हीखाली जो जुना प्लेयर आहे, त्याला यूएसबीचं भोक असलं तरी मोबाइलवर चालणारी आजची फाइल तो बहुधा ओळखत नाही. डीव्हीडी मात्र मुकाट्याने लावतो. निगडी प्राधिकरणात किंवा यमुनानगरात राहणाऱ्या कितीतरी जणांचं लग्न साताऱ्याकडच्या किंवा मराठवाड्यातल्या गावात झालेलं आहे, आणि ती कॅसेट बघायची खरी हौस गावातल्या आत्याला आणि मामांना आहे. यूट्यूबवर टाकावं, तर शूटिंगवाल्याने विधींवर हिंदी सिनेमाची गाणी चढवलेली असतात. गाण्याच्या हक्कांमुळे तो व्हिडिओ अडकू शकतो.

चाचणीसाठी तुकडा कुठला घ्यायचा, इथे बरेच जण चुकतात. सगळे सुरुवातीचा गणपती आणि त्यावरचं 'शुभविवाह' घेतात, कारण तो समोर असतो. ते स्थिर चित्र आहे, कुठलंही सॉफ्टवेअर त्यात पास होतं. तुकडा घ्यायचा तो शेवटच्या मंगलाष्टकाचा आणि पडणाऱ्या अक्षतांचा.

कारण असं. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेलं असतं. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं एवढी नोंद. भटजी शांत बसलेले असतील तर नोंद छोटी. पण शेकडो तांदूळ एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडाले, त्यात फोटोवाल्याचा फ्लॅश पडून अख्खी चौकट पांढरी झाली, वर शूटिंगवाल्याने हॅलोजनच्या झगझगाटात कॅमेरा गर्रकन वळवला, की नोंदीला जागा पुरत नाही. मग चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. नवरीचा लाल शालू ही दुसरी परीक्षा. व्हीएचएसमध्ये लाल रंग आधीच कडेने पसरतो. कच्चं सॉफ्टवेअर त्याचा चिखल करतं.

आता जागेचा हिशेब, कारण डीव्हीडीतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक तोच आकडा त्याच्या पद्धतीने मोजून ४.३८ दाखवतो, त्यामुळे दुकानदाराने फसवलं असं समजू नका. एवढ्या जागेत २ तास बसवले तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र समाधानकारक राहतं. आपल्याकडची लग्नाची कॅसेट बहुधा ई-१८०, म्हणजे ३ तासांची. ती एकाच डिस्कवर कोंबली की वाटा साडेतीनपर्यंत उतरतो. तासाभराचंच असेल तर जागा उरते, पण चित्रासाठी ९.८ मेगाबिटच्या वर जायला डीव्हीडीचा नियमच परवानगी देत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न: बिटरेट, म्हणजे सेकंदाचा हा वाटा, मला ठरवू देतोस का? नुसतं 'उत्तम', 'मध्यम', 'लाँग प्ले' एवढंच विचारणारं सॉफ्टवेअर मी बाजूला ठेवतो. दुसरा प्रश्न आवाजाचा. काही सॉफ्टवेअर आवाज न दाबता पीसीएममध्ये टाकतात; त्यातच दीड मेगाबिट जातात. डॉल्बीच्या एसी-३ मध्ये तोच आवाज १९२ किलोबिटमध्ये बसतो, आणि सनई-चौघड्याच्या तीस वर्षं जुन्या ध्वनिमुद्रणात कानाला फरक कळत नाही.

३ तासांसाठी अजून एक वाट आहे, आणि ती देणारं सॉफ्टवेअर सापडलं तर सोडू नका. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं. पण नियमांत ३५२ बाय ५७६ सुद्धा बसतं. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात जेमतेम २४० रेषांचा असतो, त्यामुळे रुंदी निम्मी केली तरी फारसं काही हरवत नाही आणि उपलब्ध बिट निम्म्या बिंदूंवर खर्च होतात. मला विचाराल तर त्याहून बरा उपाय दोन डिस्कचा: एकीवर लग्न, दुसरीवर स्वागत समारंभ आणि वरात.

सेटिंगमध्ये पाल आहे की एनटीएससी, हे आधी बघा. बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेच्या हिशेबाने बनलेली, त्यामुळे एनटीएससी आधीच निवडलेलं असतं. आपल्या कॅसेटी पाल, सेकंदाला २५ चित्रांच्या. त्या ३०च्या आसपास ताणल्या की वरात अडखळत चालते. तशीच चौकटही: ४:३ ऐवजी १६:९ निवडलं गेलं की नवरदेव आडवा सुटतो.

पालचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, आधी एका आड एक रेषांचा एक संच, मग उरलेल्या रेषांचा दुसरा. कुठला अर्धा आधी, हे सॉफ्टवेअरने उलटं समजलं तर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे थरथरते. मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये खालचा अर्धा आधी असतो. व्हीएचएस उतरवणाऱ्या डब्यांतून बहुधा वरचा आधी येतो. हा दोष लॅपटॉपवर अनेकदा दिसतच नाही, म्हणून तपासणी टीव्हीवरच. आणि हलत्या कडांना कंगव्याचे दात दिसतात म्हणून दोन्ही अर्धे आधीच एकत्र करायची घाई करू नका. ते काम टीव्ही करतो.

चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हे व्हीसीआरच्या हेडचं काम आहे. जुन्या डब्ब्या टीव्हीत ती कडेखाली झाकली जायची, सपाट टीव्हीत उघडी पडते आणि बिटही खाते. तिच्यावर काळी पट्टी टाकता येते का ते बघा. कापून चित्र ताणू नका, आधी सांगितलेले दोन अर्धे बिघडतात.

मराठी वाचकांनी एक चाचणी न चुकता घ्यावी, परदेशी परीक्षणांत ती कुठेच नसते. मेन्यूत 'स्वागत समारंभ, चिंचवड' असं टाइप करा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या पलीकडे जाऊन बसतो आणि 'स्वा'चं 'स् वा' होतं. पुण्याच्या श्री-लिपीतला जुना मजकूर चिकटवलात तर सगळीच चिन्हं उमटतील, कारण तो युनिकोड नाही. यावर भांडत बसू नये. मेन्यूची पाटी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चित्र म्हणून बनवायची, ती पार्श्वभूमीला लावायची आणि वर बटणं ठेवायची. ज्यात आपलं चित्र पार्श्वभूमीला लावता येत नाही, ते सॉफ्टवेअर नापास. लग्नपत्रिकाच स्कॅन करून लावली तर फारच शोभते.

आता नावं. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ बरोबर यायचं, विंडोज ८ पासून गेलं. ॲपलने आयडीव्हीडी २०११ पासून नव्या मॅकबरोबर देणं बंद केलं. ॲडोबीचं एन्कोर सीएस६ वर थांबलं. मोफत डीव्हीडी फ्लिकची शेवटची आवृत्ती २००९ची. साधं काम ते अजून करतं. मोफतांमध्ये माझी पसंती डीव्हीडीस्टायलरला. फ्लिक आणि स्टायलर या दोघांच्या पोटात एफएफएमपेग आणि डीव्हीडीऑथर हीच इंजिनं आहेत, तेव्हा त्यांच्यात चित्राच्या दर्जाचा मोठा फरक शोधू नका. फरक मेन्यूत आणि सोयीत आहे. स्टायलरची मोठी सोय म्हणजे फाइल आधीच डीव्हीडीच्या नियमात असेल तर ती पुन्हा न दाबता तशीच घेता येते. पैसे मोजायची तयारी असेल तर जपानच्या पेगासिसचं टीएमपीजीइंक ऑथरिंग वर्क्स. तेही जिथे कात्री लागली तेवढाच भाग नव्याने दाबतं.

डिस्क थेट लिहिण्याआधी संगणकावर फोल्डर किंवा आयएसओ फाइल बनवू देणारंच सॉफ्टवेअर घ्या. मध्येच वीज गेली तर निदान डिस्क वाया जात नाही. ती फाइल व्हीएलसीवर चालवून बघा, मग पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर पहिला पीस काढा. आवाज आणि ओठ जुळतात का, हे तुकड्यावर कळणार नाही, कारण फरक हळूहळू साठत जातो. त्यासाठी पूर्ण डिस्कचा शेवट तपासावा लागतो. अंतिम प्रत डीव्हीडी-आरवर, कमी वेगाने आणि लिहून झाल्यावर पडताळणी करून. आणि मूळ फाइल पुसू नका: दाबून झालेल्या डीव्हीडीतून ती परत मिळत नाही.

फुनाई या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र येत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात जुनं यंत्र दुरुस्त करणारे, हेडची सफाई आणि पावसाळ्यात टेपवर चढणारी बुरशी.