धुळीनं वाढतो ट्रॅक्टरचा खर्च



गळीत हंगाम संपला की ऊस ओढून थकलेला ट्रॅक्टर गॅरेजात जातो आणि बिल बघून घाम फुटतो. सुटे भाग आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतले, तरी कच्चे लोखंड, वीज, मजुरी महागली की भाव चढतोच. भाव आपल्या हाती नाही. झीज थांबवणे मात्र आहे.

एअर क्लिनर घाण राहिला, की बारीक धूळ इंजिनात शिरते आणि लायनर, रिंगा कानशीसारखी घासते. मग इंजिन ऑइल खाते, निळा धूर सोडते.

म्हणून एवढे करा:

१) ऑइलचा एअर क्लिनर असेल, तर रोज सकाळी इंजिन बंद असताना भांडे काढून बघा. तळाशी गाळ दिसला, तर धुऊन नवे ऑइल खुणेपर्यंतच भरा.

२) क्लिनरची रबरी नळी फाटली असेल, तर लगेच बदला.

३) सुटा भाग पक्क्या बिलावरच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर व बऱ्याच भागांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलात तेवढाच लावलाय का, बघा.

४) काढलेला जुना भाग मेस्त्रीकडून मागून घ्या.

ध्यानात ठेवा, दहा मिनिटांचं काम टाळलं, तर उसाचं बिल गॅरेजात जातं!