81 बाटल्या शँपेन आणि एक कोटीचं कर्ज

28 फेब्रुवारी 1837 च्या रात्री इलिनॉय राज्याच्या राजधानीत, व्हँडेलियात, एबेनेझर कॅप्स नावाच्या व्यापाऱ्याचा चांगलाच धंदा झाला. त्याचं बिल इतिहासकारांनी जपून ठेवलं आहे. 81 बाटल्या शँपेन, बदाम, बेदाणे, सिगार, ऑयस्टर, सफरचंदं, आणि शेवटी मोडतोडीचे दोन डॉलर. एकूण रक्कम सव्वादोनशे डॉलरच्या घरात. त्या काळी मजुराला दिवसाला एक डॉलर मिळाला तरी तो खूश असे. ही मेजवानी होती सँगामन परगण्याच्या आमदारांची. राजधानी व्हँडेलियातून हलवून आपल्या स्प्रिंगफील्डला न्यायची, हा ठराव त्यांनी त्याच दिवशी जिंकला होता. गंमत अशी, की ज्या गावाची राजधानी हिरावली त्याच गावात हा जल्लोष चालला होता.

इलिनॉयच्या दहाव्या विधिमंडळाचं हे अधिवेशन 5 डिसेंबर 1836 ला सुरू झालं आणि 6 मार्च 1837 ला संपलं. सभागृहात 91 प्रतिनिधी, वर 40 सिनेटर. या तीन महिन्यांत त्यांनी राज्याला असं कर्जात लोटलं, की ते फेडता फेडता 1880 चं दशक उजाडलं. आणि याच बाकांवर बसलेली पोरं पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, त्याचा कडवा प्रतिस्पर्धी, राज्याचा गव्हर्नर, सिनेटर आणि यादवी युद्धातले सेनानी झाली. इतकी गुणी माणसं एका छताखाली बसून इतका मोठा घोळ कसा घालतात, याचा दहावं विधिमंडळ हा उत्तम नमुना आहे.

छताबद्दलही थोडं सांगायला हवं. व्हँडेलियाचं जुनं विधान भवन मोडकळीला आलं होतं. राजधानी हातची जाणार अशी कुणकुण लागल्यावर गावकऱ्यांनी 1836 च्या उन्हाळ्यात घाईघाईनं नवी इमारत उभी केली. डिसेंबरात आमदार आत शिरले तेव्हा गिलावा ओलाच होता. गावानं एवढा आटापिटा केला तो पाहुण्यांनी इथंच राहावं म्हणून. ही इमारत आजही उभी आहे आणि लोक ती पाहायला जातात.

पाहुणे बहुतेक तरुण होते. न्यू सेलम गावचा माजी पोस्टमास्तर आणि भूमापक एब्राहम लिंकन अठ्ठाविसाव्या वर्षात होता. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमदार झाला तेव्हा धड कपडे हवेत म्हणून त्यानं ओळखीच्या शेतकऱ्याकडून 200 डॉलर उसने घेतले होते. व्हरमाँटहून पश्चिमेला आलेला स्टीफन डग्लस तेवीस वर्षांचा होता, उंची पाच फूट चार इंच. आयर्लंडमधून आलेला जेम्स शील्ड्स, पुढे जनरल झालेला जॉन मॅकक्लर्नंड, केंटकीच्या राजकारणी घराण्यातला जॉन हार्डिन, सिनेटमध्ये ऑर्व्हिल ब्राउनिंग. सभापती जेम्स सेम्पल. बहुमत डेमोक्रॅटांचं होतं, लिंकन आणि हार्डिन विरोधी व्हिग पक्षाचे. पण या अधिवेशनात पक्षापेक्षा परगणा मोठा होता.

सँगामनचे सात प्रतिनिधी आणि दोन सिनेटर मिळून नऊ जण. सगळे सहा फुटांच्या आसपास किंवा त्याहून उंच, म्हणून लोक त्यांना 'लाँग नाइन' म्हणत. राज्यातला हा सगळ्यात मोठा गट, आणि लिंकन त्याचा कारभारी.

तेव्हाचं वातावरण ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. 1830 साली इलिनॉयची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर होती, 1840 साली ती पावणेपाच लाखांवर गेली. न्यूयॉर्कच्या एरी कालव्यानं 1825 नंतर केवढी संपत्ती खेचून आणली हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. काळीभोर जमीन अमाप होती, पण पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल होई आणि मका बाजारापर्यंत पोचत नसे. अधिवेशन सुरू होतानाच व्हँडेलियात एक परिषद भरली आणि तिनं कालवे, लोहमार्ग, नद्यांची खोदाई यांची मागणी लावून धरली. एरी कालवा उभारणारा न्यूयॉर्कचा गव्हर्नर डिविट क्लिंटन याच्यासारखं नाव आपल्यालाही इलिनॉयमध्ये मिळावं, अशी लिंकनचीही महत्त्वाकांक्षा होती. ती त्यानं आपल्या मित्राला बोलून दाखवली होती.

फेब्रुवारी 1837 अखेर मंजूर झालेल्या कायद्यात सुमारे एक कोटी डॉलरची कामं होती. गलीनापासून ओहायो नदीच्या मुखापर्यंत मध्यवर्ती लोहमार्ग, त्याला छेदणारे पूर्व-पश्चिम मार्ग, पाच नद्यांची डागडुजी, टपालाचा रस्ता. आणि ज्या परगण्यांच्या वाट्याला ना लोहमार्ग ना कालवा, त्यांना रोख दोन लाख डॉलर. भाऊबंदकीत वाटण्या करताना कुणाची तक्रार नको म्हणून मोडक्या पाटातही हिस्सा ठेवतात, तसा हा प्रकार. त्यात कळस म्हणजे एक कलम: प्रत्येक मार्गाचं काम दोन्ही टोकांना आणि वाटेतल्या महत्त्वाच्या गावांपासून व नद्यांच्या पारापासून एकाच वेळी सुरू करायचं. कारण उघड आहे. एका टोकाला आधी सुरुवात झाली तर दुसऱ्या टोकाचा आमदार मतदारांना काय तोंड दाखवणार? पण त्यामुळे पैसा संपला तेव्हा राज्यभर तुकडे पडले होते आणि सलग असं काहीच नव्हतं.

पैसा येणार कुठून, याचं उत्तरही तयार होतं. राज्यानं रोखे विकायचे, त्यातून बँकांचे भाग घ्यायचे आणि लाभांशातून व्याज फेडायचं. कर वाढवायचा प्रश्नच नाही! गव्हर्नर जोसेफ डंकन आणि न्यायाधीशांच्या मंडळानं विधेयक परत पाठवलं. तेव्हाच्या घटनेनुसार साध्या बहुमतानं ते पुन्हा मंजूर करता येत होतं, आणि तसं ते झालं. हार्डिन विरोधात राहिला. डग्लसला मोजकीच कामं हवी होती, पण मतदारांचा आदेश आहे म्हणत त्यानं हात वर केला.

स्प्रिंगफील्डवाल्यांनी लोहमार्गांना मतं दिली आणि त्या बदल्यात राजधानी मिळवली, हा आरोप तेव्हापासून आहे. इलिनॉयचाच एक आमदार, पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेलेला पॉल सायमन, यानं 1965 साली लिंकनच्या विधिमंडळातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यानं मतदानाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि असा सरळ सौदा त्यांत दिसत नाही असं म्हटलं. मला स्वतःला हा वाद काहीसा पोकळ वाटतो. ज्या सभागृहात सगळ्यांना काही ना काही हवं आहे आणि नकार देण्यात कुणाचाच फायदा नाही, तिथं वेगळा करार करावा लागत नाही. अळीमिळी गुपचिळी पुरते.

राजधानीची लढाई मात्र अटीतटीची झाली. विधेयक दोनदा बाजूला सारलं गेलं आणि लिंकननं दोन्ही वेळा ते पुन्हा उभं केलं. 1834 साली राज्यभर घेतलेल्या कौलात ऑल्टन थोड्या मतांनी पुढे होतं, पण त्या कौलाची आठवण कुणालाच सोयीची नव्हती. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त मतदानात पहिल्या फेरीला स्प्रिंगफील्डला 35 मतं मिळाली, चौथ्या फेरीला 73. अट होती 50,000 डॉलर आणि दोन एकर जमीन द्यायची. शेवटच्या हप्त्यासाठी शहरातल्या नागरिकांना बँकेकडून कर्ज काढावं लागलं. त्या कागदावर सही करणाऱ्यांत लिंकनही होता.

याच अधिवेशनात आणखी एक मतदान झालं. तेव्हा त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. गुलामगिरी मोडू पाहणाऱ्या संघटनांना आवर घाला, अशी पत्रं दक्षिणेतल्या राज्यांनी उत्तरेकडे पाठवली होती. 20 जानेवारीला इलिनॉयच्या प्रतिनिधींनी ठराव केला: या संघटनांचा आम्ही निषेध करतो, गुलामांवरचा मालकी हक्क पवित्र आहे. बाजूनं 77, विरोधात 6. सहांत लिंकन होता. 3 मार्चला त्यानं आणि सँगामनचाच सहकारी डॅन स्टोन यानं लेखी निषेध नोंदवला. गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे असं त्यात म्हटलं होतं, आणि मुक्तिवादी प्रचारानं हा रोग वाढतो असंही. म्हणजे भाषा तोलूनमापून वापरलेली. तारीखही तशीच. 77 विरुद्ध 6 झालं तेव्हा राजधानीचा निकाल लागायचा होता आणि एकेका मताची गरज होती. निषेध आला तो 28 फेब्रुवारी उलटून गेल्यावर. स्टोन तर लवकरच न्यायाधीश होणार होता, त्याला मतदारांची भीती नव्हती. लिंकनचे चरित्रकार या कागदावर पानंच्या पानं लिहितात, पण या दिवसांच्या हिशेबाकडे बरेच जण काणाडोळा करतात. मला त्यानं लिंकन लहान वाटत नाही. ज्या सभागृहात सगळे मोजूनमापून बोलत होते तिथं त्यानंही मोजलं, पण मोजून झाल्यावर बोलला. बाकीचे गप्प राहिले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला ऑल्टनमध्ये एलायजा लवजॉय हा मुक्तिवादी संपादक आपला छापखाना वाचवत असताना जमावानं त्याचा खून केला.

मे 1837 मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनंनाणं देणं थांबवलं आणि देशभर मंदी पसरली. गव्हर्नर डंकननं जुलैत खास अधिवेशन बोलावून, अजून वेळ आहे, कामं थांबवा, असं सांगितलं. विधिमंडळानं बँकांना संरक्षण दिलं आणि कामांना हात लावायला नकार दिला. पुढे काही वर्षांतच व्याज थकलं. एवढ्या सगळ्या आराखड्यातून वापरण्याजोगा निघाला तो मेरेडोशिया ते स्प्रिंगफील्डचा नॉर्दर्न क्रॉस मार्ग. लाकडी रुळांवर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. इंजिनं बिघडल्यावर डबे खेचरांनी ओढले. दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च आलेला हा मार्ग 1847 साली लिलावात सुमारे 21,000 डॉलरला गेला. 1848 च्या नव्या घटनेनं लोकांना विचारल्याशिवाय राज्याला 50,000 डॉलरपेक्षा जास्त कर्ज काढायला बंदी घातली.

राज्याची बँक 1842 मध्ये बुडाली. तेव्हा राज्याचा लेखापाल होता शील्ड्स, आणि त्यानं बँकेच्या नोटांनी कर भरायला मनाई केली. लिंकननं टोपणनावानं वर्तमानपत्रात त्याची टर उडवली. शील्ड्सनं द्वंद्वाचं आव्हान दिलं. हत्यार निवडायचा हक्क लिंकनचा. त्यानं घोडदळाच्या रुंद तलवारी निवडल्या, कारण हात लांब होते. 22 सप्टेंबरला दोघं मिसिसिपीतल्या बेटावर जाऊन पोचलेसुद्धा. समेट घडवणाऱ्यांत हार्डिन होता. म्हणजे 1837 च्या त्या लोहमार्गांच्या विधेयकाला विरोध करणारा माणूस त्याला मतं देणाऱ्या दोघांमध्ये पडला. पाच वर्षांनी मेक्सिकोच्या युद्धात ब्यूएना व्हिस्टाला हार्डिन मारला गेला.

हे सगळं निस्तरणं आलं थॉमस फोर्डच्या वाट्याला. 1842 ते 1846 तो गव्हर्नर होता. कर्ज बुडवायला त्यानं ठाम नकार दिला, नवा कर बसवला आणि व्याजाची गाडी पुन्हा रुळावर आणली. मग आजारपणात त्यानं राज्याचा इतिहास लिहिला. त्यात 1837 च्या कायद्याला मत देणाऱ्यांची नावं टिपली आणि देशाचं वाटोळं करूनही ही मंडळी पुढे मोठी पदं भूषवत राहिली याबद्दल कडू शेरा मारला. 1850 साली तो कंगाल अवस्थेत वारला. त्याचं हस्तलिखित छापण्याची खटपट जेम्स शील्ड्सनं केली. 1854 साली पुस्तक निघालं, प्रस्तावना शील्ड्सची, आणि आत त्या यादीत त्याचं नाव जसंच्या तसं.