बातमीतले पाणी कसे मोजावे?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. येथील इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. अशा वेळी घर कधी सोडायचे, जनावरे कुठे न्यायची, हे नदीकाठच्या माणसाला बातमी ऐकूनच ठरवावे लागते. म्हणून बातमी पारखणे ही चैन नव्हे. टीव्हीवर दाखवले म्हणून ते खरे मानणे जितके चूक, तितकेच 'सगळे खोटेच दाखवतात' म्हणून मोकळे होणेही चूक. आपण बातमीचे तीन भाग करू या : आकडा, चित्र आणि कारण.

आकडा कुठला, किती वाजताचा आणि कोणी मोजलेला, हे सांगितले आहे का? तो नीट लिहिला आहे का? समजा, पडद्यावर '४३ फूट ९ इंच' हे '४३.९' असे लिहिले आणि पाणी एक इंच चढल्यावर '४३.१०' असे. दशांश अपूर्णांक शिकलेल्या मुलाला वाटेल, पाणी उतरले! कोणाचा हेतू वाईट नसतानाही बातमी अशी फसवू शकते.

चित्र खरे असले, तरी ते कॅमेऱ्यासमोरच्या तुकड्याचेच असते. पाण्यात बुडालेली एक गल्ली पुन्हा पुन्हा दाखवली, की सारे शहर बुडाल्यासारखे भासते. दृश्य आजचे की संग्रहित, तेही पाहावे.

कारण सांगताना सर्वांत जास्त घसरायला होते. २०१९ च्या पुराचे खापर अनेकांनी कर्नाटकातील अलमट्टी धरणावर फोडले. राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र २०२० च्या अहवालात हा पूर अलमट्टीमुळे आला नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही वाद मिटलेला नाही. अशा वेळी दोन्ही बाजू आणि त्यांचे पुरावे सांगणारी बातमी अधिक विश्वासार्ह. एकच बाजू मांडणाऱ्या बातमीतले प्रत्येक वाक्य खरे असूनही ती पक्षपाती असू शकते, कारण तिने काय गाळले ते आपल्याला दिसत नाही.

येत्या पावसाळ्यात हा उपक्रम करून पाहा. विद्यार्थ्यांचे तीन गट करा. एकाच संध्याकाळी प्रत्येक गटाने वेगळ्या वाहिनीच्या बातम्या पाहाव्यात. त्यांत एक दूरदर्शन असावी. पाणीपातळी, तिची वेळ, बोललेली माणसे (पूरग्रस्त, अधिकारी, तज्ज्ञ, पुढारी) आणि 'हाहाकार'सारखे भडक शब्द यांची नोंद करावी. दुसऱ्या दिवशी आकडे जिल्हा प्रशासनाच्या माहितीशी ताडून पाहावेत.

फरक दिसला, की लगेच 'पक्षपात' म्हणू नये. कदाचित मोजण्याची वेळ वेगळी असेल. तोच फरक अनेक दिवस एकाच बाजूला झुकलेला आढळला, तर मात्र शंकेला आधार मिळतो. आणि एखाद्या वाहिनीने आपली चूक जाहीरपणे दुरुस्त केली, तर तिला एक गुण जास्त द्यायला आमची हरकत नाही. प्रयोगशाळेतही आपण तेच करतो.