फाटकावरच्या बंदुकीला अधिकार किती?

राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर अणुवीज प्रकल्प होणार, ही चर्चा वीस वर्षे चालू आहे. किरणोत्सर्ग, मासळी, आंबा, भरपाई यांवर पुष्कळ बोलून झाले. एका गोष्टीकडे मात्र आपल्या लोकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. अशा प्रकल्पाच्या फाटकावर हत्यारबंद जवान उभा असतो. त्याने हटकले, झडती घेतली, धरून नेले, तर ते कोणत्या कायद्याने? आणि धरून नेणार कुठे? उद्या प्रकल्प झालाच तर साहेब लोक मोटारीतून आत जातील. झडतीच्या रांगेत उभी राहतील ती कंत्राटदाराकडे रोजावर जाणारी आपली मुले आणि कॅन्टीनच्या, साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या आपल्या भगिनी. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

जैतापूर प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या भागातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्या, असा बेत आहे. एकही भट्टी अजून उभी नाही. तेव्हा पहारा कसा असतो हे पाहायचे तर तारापूरकडे पाहावे लागते. तिथे १९६९ पासून अणुवीज तयार होते आणि पहारा आहे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सी.आय.एस.एफ.चा.

हे दल १९६८ च्या कायद्याने निर्माण झाले. त्याचे कलम ११ जवानाला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देते, पण तो कशासाठी तेही सांगते. कारखान्याच्या कामगाराला किंवा पहाऱ्यावरच्या जवानाला कामावर असताना कोणी मारहाण केली, अडवले, तर. कारखान्याच्या मालमत्तेबाबत दखलपात्र गुन्हा केला किंवा तसा वाजवी संशय असला, तर. तिथे काम करणाऱ्याच्या जिवावर बेतेल असा गुन्हा केला, तर. नुसताच कोणी परवानगीवाचून आवारात शिरला असेल तर त्याला बाहेर काढता येते. कलम १२ प्रमाणे, वॉरंट आणेपर्यंत माणूस पळेल किंवा पुरावा लपवेल असे मानण्यास कारण असेल, तर थांबवून झडती घेता येते. बाईची झडती बाईनेच, आणि सभ्यता राखून घ्यायची, हा सर्वसाधारण कायदा आहे.

यापुढचे कलम आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. कलम १३ सांगते की धरलेल्या माणसाला विनाकारण उशीर न लावता पोलिसांच्या हवाली करायचे; पोलीस हजर नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात पोचवायचे, आणि काय घडले त्याचा अहवाल सोबत द्यायचा. म्हणजे जवान धरू शकतो, ठेवून घेऊ शकत नाही. गुन्हा नोंदवणे, तपास करणे हे त्याचे काम नव्हे. गार्डरूममध्ये दिवसभर बसवून कबुलीजबाब लिहून घेणे या कायद्यात कुठेच बसत नाही.

हा अधिकार किती अंतरापर्यंत? ब्रिटनमध्ये अणुकेंद्रांसाठी १ एप्रिल २००५ पासून वेगळे पोलीस दल आहे. तिथल्या पोलिसाला केंद्रात आणि केंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत पुऱ्या पोलिसाचे अधिकार आहेत. आपल्या सुरक्षा दलाच्या कायद्यात असा किलोमीटरचा पट्टा नाही. अधिकार बांधलेला आहे तो कारखान्याच्या मालमत्तेशी आणि माणसांशी. पाणंदीने जाणाऱ्याला किंवा सड्यावर गुरे चारणाऱ्याला केवळ कुंपणाजवळ दिसला म्हणून अटक करण्याचा हक्क त्यातून निघत नाही. सरकारने एखादी जागा हुकूम काढून प्रवेशबंद केली असेल तर गोष्ट वेगळी. मग तो हुकूम पाहायला मागावा.

कुंपणाबाहेर राज्य चालते ते जिल्हा पोलिसांचे, आणि रत्नागिरीकरांनी जे सोसले ते त्यांच्याच हातून. आंदोलनाच्या काळात जमावबंदी झाली, कार्यकर्त्यांना जिल्ह्यात यायला मज्जाव झाला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण ठार झाला. जमाव ठाण्यावर चालून आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. यात अणुऊर्जेचा कोणताही खास कायदा लागला नाही. मुंबई पोलीस कायद्याचे कलम ३७, जे मोर्चाला, मिरवणुकीला कुठेही लागते, तेच पुरेसे ठरले. त्या कायद्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात.

जवान असो की पोलीस, दोघांच्या वर राज्यघटनेचे कलम २२ आहे. ते कसे आले हे आपल्या घरांत माहीत असायला हवे. जीवित व स्वातंत्र्याच्या कलमातून न्याय्य प्रक्रियेची हमी गळाली होती. त्याने अनेक सभासद नाराज होते. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी स्वतः १५-अ हे नवे कलम घटना समितीत मांडले आणि ती उणीव काही अंशी भरून काढली. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटू दिले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. घटनेचे शब्द 'अटकेपासून' असे आहेत. तेव्हा फाटकावर किती वाजता धरले ती वेळ ध्यानात ठेवावी. ठाण्याच्या वहीत उशिराची वेळ पडू शकते. स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्यांना ही हमी नाही, हेही खरे.

घरच्या बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. अपवादात्मक प्रसंग सोडता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. करायचीच झाली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते.

सुरक्षा दलाच्या जवानाने कर्तव्याच्या नावाखाली अन्याय केला तर मुदत फार तोकडी आहे. दावा किंवा फिर्याद घटनेपासून ३ महिन्यांत करावी लागते आणि त्याआधी किमान १ महिना त्या जवानाला व त्याच्या वरिष्ठाला लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे वकील गाठायला हातात पुरते दोन महिनेही नाहीत. वकिलाची फी हा आपल्या घरांतला नेहमीचा अडसर. पण अटकेतील माणूस, कोणतीही स्त्री, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जातीचा माणूस (१९९० पासून यात बौद्धही आले) यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. अर्ज साध्या कागदावर चालतो.